निर्वात-अतिनील वर्णपटाचें चित्रलेखन : विजयदुर्गाच्या ओट्यापासून ॲस्ट्रोसॅटपर्यंत

१

कोंकण किनाऱ्यावरील विजयदुर्ग किल्ल्यांत कांहीं ओटे दाखविले जातात. लोक त्यांस ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदानें १८६८ सालच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या दिवशीं याच ठिकाणाहून हीलियम वायूचा शोध लावला, अशी आख्यायिका त्या ओट्यांशीं जोडलेली आहे. आख्यायिका गोड आहे. परंतु ती कालाच्या कसोटीस उतरत नाहीं.

१८६८ च्या ऑगस्टच्या १८ व्या तारखेचें ग्रहण हिंदुस्थानांतून दिसलें, हें खरें. त्या दिवशीं फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन गुंटूर येथें होता. लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीस होता. लॉकियर मात्र इंग्लंडांत होता. ग्रहणावांचून सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट त्यानें प्रथम पाहिला तो त्याच वर्षाच्या ऑक्टोबरच्या २० व्या तारखेस, आणि तोहि इंग्लंडांतूनच. त्या वर्णपटांतील पिवळी रेषा कोणत्याहि ज्ञात मूलद्रव्याशीं जुळेना, म्हणून पुढें सूर्याच्या ग्रीक नांवावरून ‘हीलियम’ ही संज्ञा निघाली. तो वायु पृथ्वीवर रॅम्सेच्या हातीं लागला १८९५ सालीं. लॉकियर विजयदुर्गास आला, परंतु तो १८६८ नंतर तीस वर्षांनीं, १८९८ च्या जानेवारीच्या २२ व्या तारखेच्या खग्रास ग्रहणासाठीं. दोन ग्रहणें, एक मनुष्य आणि एक किल्ला यांची लोकस्मृतींत मिसळ झाली, इतकेंच.

मग विजयदुर्गाच्या वांट्यास कांहींच उरत नाहीं काय? आमचें म्हणणें असें कीं, उरतें तें आख्यायिकेहून कमी मोलाचें नाहीं. १८९८ सालीं त्या किल्ल्यांत ज्या तत्त्वाचीं यंत्रें मांडलीं होतीं, तेंच तत्त्व पुढें पृथ्वीच्या हवेबाहेर गेलें, आणि निर्वात-अतिनील प्रदेशांतील चित्रलेखी वर्णपटमापकांच्या रूपानें त्यानें सूर्याचें असें रूप दाखविलें, जें हवेखालीं राहून कोणासहि दिसणें शक्य नव्हतें. हा प्रवास कोणकोणत्या हातांतून झाला, आणि त्यांत कोणाचें किती श्रेय, हें तारीखवार मांडणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. साध्या वर्णपटलेखकांत प्रकाश एका अरुंद फटींतून आंत येतो. लोलकानें, किंवा ज्यावर हजारों समांतर रेघा कोरलेल्या असतात अशा जालकानें, त्याचे रंग वेगळे होतात. आणि प्रत्येक रंग त्या फटीचें एकेक चित्र प्लेटवर उमटवितो. आपण जीस वर्णरेषा म्हणतों ती वस्तुतः फटीची प्रतिमा होय. फट उभी व बारीक, म्हणून रेषाहि उभी व बारीक. अशा यंत्रानें सूर्याच्या एका चिंचोळ्या पट्टींत कोणकोणतीं द्रव्यें आहेत तें कळतें, पण सूर्याचें चित्र मिळत नाहीं. उलट नुसत्या कॅमेऱ्यानें चित्र मिळतें, पण त्यांतील कोणता भाग कोणत्या द्रव्यानें तळपतो तें कळत नाहीं. एकाच प्लेटवर हीं दोन्ही ज्ञानें देणारें जें यंत्र, तें चित्रलेखी वर्णपटमापक.

ग्रहणाच्या वेळीं निसर्ग ही सोय आपण होऊन करतो. चंद्रानें सूर्यबिंब झांकीत आणलें म्हणजे शेवटीं प्रकाशाची एक बारीक कोर उरते. ही कोरच फट होऊं शकते. यंत्राची फट काढून टाकून लोलक दुर्बिणीच्या तोंडाशींच बसविला, तर प्रत्येक रंग त्या कोरेचें एकेक चित्र उमटवितो, आणि पूर्ण ग्रासाच्या वेळीं सूर्याभोंवतींच्या प्रभामंडलाचीं वर्तुळें उमटतात. कोणत्या द्रव्याची ज्वाला कोठें व किती उंच, हें एका दृष्टीनें वाचतां येतें.

ही युक्ति विजयदुर्गास जन्मली असेंहि म्हणतां येणार नाहीं. १८७१ च्या डिसेंबरच्या १२ व्या तारखेच्या ग्रहणांत इटालियन ज्योतिर्विद रेस्पीघी यानें पुदुकोट्टई येथें, व लॉकियरनें मलबार किनाऱ्याकडील बेकल येथें, फटीवांचूनच्या यंत्रांतून हीं रंगीत वर्तुळें डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. विजयदुर्गीं तीच गोष्ट मोठ्या लोलक-कॅमेऱ्यांनीं प्लेटांवर उतरविली गेली. मेल्पोमीन या युद्धनौकेवरील खलाशी तेथें मदतीस होते. त्याच दिवशीं सोलापुराकडील जेऊर येथें पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं तळ दिला होता. त्यांचा छापील वृत्तांत १९०२ सालीं प्रसिद्ध झाला. ती वेधशाळा १९१२ सालीं बंद होऊन तिचीं यंत्रें कोडाईकनालास गेलीं. तेव्हां ज्या संग्राहकाच्या दप्तरांत हा वृत्तांत असेल, त्यानें तो जपून ठेवावा.

ग्रहणाच्या या पद्धतींत दोन उणीवा होत्या. ग्रास टिकतो कांहीं मिनिटें, आणि तोहि वर्षांनुवर्षें वाट पाहिल्यावर. दुसरी उणीव अधिक खोल. सूर्याच्या प्रभामंडलाचें तपमान दहा लक्ष अंशांच्या वर आहे. इतक्या तप्त वायूचें खरें भाषण दृश्य रंगांत होत नाहीं, तें होतें अतिनील प्रदेशाच्या अगदीं पलीकडच्या टोंकास. तेथें सूर्याचें नेहमींचें बिंब जवळजवळ काळें असतें, आणि त्याभोंवतींचें प्रभामंडल तळपत असतें. म्हणजे त्या प्रकाशांत पाहणारास ग्रहणाची गरजच नाहीं. परंतु त्या प्रदेशाच्या वाटेवर तीन पडदे होते.

३

डोळ्यास दिसणारा जांभळा रंग सुमारें ४००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीशीं संपतो. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटिवा भाग. त्यापलीकडील किरण ते अतिनील; कित्येक त्यांस जंबुपार म्हणतात. त्यांचें अस्तित्व रिटर या जर्मन शास्त्रज्ञानें १८०१ सालीं रौप्यक्षार काळा पडतो यावरून ओळखलें. पुढें स्टोक्सनें कांच टाकून गारेच्या स्फटिकाचीं भिंगें वापरलीं, व १८६२ सालापर्यंत तो १८५० अँगस्ट्रॉमच्या आसपास पोंचला. तेथें वाट खुंटली.

कां खुंटली याचें उत्तर लाइपझिगच्या व्हिक्टर शूमान (१८४१–१९१३) यानें दिलें. हा कोणा विद्यापीठाचा अध्यापक नव्हता. यंत्रकाम करणारा इंजिनिअर होता, आणि वर्णपटाचा अभ्यास त्यानें स्वतःच्या खर्चानें व स्वतःच्या हातांनीं केला. त्यानें दाखविलें कीं अडथळा एक नसून तीन आहेत. गारेचा स्फटिक हे किरण अडवितो. छायाचित्राच्या प्लेटेवरील जेलेटिन त्यांस अडवितें. आणि सुमारें २००० अँगस्ट्रॉमच्या खालीं हवेंतील प्राणवायूच त्यांस गिळून टाकतो. एक पडदा दूर केला तरी उरलेले दोन तसेच राहतात, म्हणून पूर्वींच्यांस यश आलें नाहीं.

शूमाननें तिन्ही पडदे एकदमच काढले. स्फटिकाच्या जागीं त्यानें फ्लोराइट खनिजाचीं भिंगें व लोलक घेतले. प्लेटांवर जेलेटिन जवळजवळ नाहींसें करून रौप्य ब्रोमाइडचे कण नुसते निवळून बसविले. अशा प्लेटेस बोट लागलें तरी ती बिघडते. आणि सर्व यंत्र बंद पेटींत घालून त्यांतील हवा पंपानें काढून टाकली. १८९३ सालीं त्यानें आपलें काम प्रसिद्ध केलें. ज्या प्रदेशास आज आपण ‘निर्वात-अतिनील’ म्हणतों, त्याचें नांव या पेटीवरून पडलें आहे. प्रकाश निर्वात नाहीं, त्याची वाट निर्वात करावी लागते.

मात्र शूमानच्या प्लेटांत एक मोठें वैगुण्य होतें. फ्लोराइट त्या प्रदेशांत किरणांस किती वांकवितें, हें तोंवर कोणीं मोजलेलें नव्हतें. म्हणून प्लेटेवरील रेषेची तरंगलांबी सांगण्यास आधार नव्हता. आमच्या वाचकांच्या परिभाषेंत सांगावयाचें तर तीं मितीवांचूनचीं पत्रें होतीं. अक्षर अस्सल, मजकूर महत्त्वाचा, पण काल अज्ञात.

४

त्या पत्रांस मित्या लावल्या त्या हार्वर्डच्या थिओडोर लायमन (१८७४–१९५४) यानें. त्याचें साधन होतें रोलँडचें अंतर्वक्र जालक. हें जालक रोलँडनें १८८२ सालीं बाल्टिमोर येथें सिद्ध केलें होतें. आरशासारख्या खोलगट धातूवरच रेघा कोरलेल्या असल्यामुळें तें रंग वेगळेहि करतें आणि चित्रहि जुळवितें. मध्यें भिंग किंवा लोलक लागत नाहीं. शिवाय रेघांमधील अंतर ठाऊक असल्यानें तरंगलांबी गणितानें काढतां येते.

येथें लायमनच्या चरित्रांतील एक गोष्ट संशोधकांनीं मनन करण्याजोगी आहे. आरंभीं त्यास लघु तरंगांच्या प्रदेशांत कांहीं रेषा दिसल्या. नव्या प्रदेशांत प्रथम पाऊल टाकणारास अशा रेषा म्हणजे घबाडच. परंतु त्यानें त्यांची उलटतपासणी केली, तेव्हां असें आढळलें कीं त्या रेषा त्या प्रदेशाच्या नव्हेतच. जालक कोरणाऱ्या यंत्राच्या नियमित चुकीमुळें दृश्य प्रकाशांतील रेषांचीं तीं खोटीं प्रतिबिंबें होतीं. हा दोष त्यानें स्वतःच प्रसिद्ध केला. वर्णपटशास्त्रांत अशा खोट्या रेषांस आजहि लायमनचींच भुतें म्हणतात. बनावट कागद ओळखणाराचें नांव त्या बनावटीस पडावें हा दैवाचा खेळ. पण ज्यानें आपल्या हातांतील बनावट कागद आपणच उघडकीस आणला, त्याच्या पुढील अस्सल कागदांवर जगानें विश्वास ठेवला.

१९०६ सालीं लायमननें हायड्रोजनच्या वर्णपटाचीं मापें सुमारें १०३० अँगस्ट्रॉमपर्यंत नेऊन प्रसिद्ध केलीं. १९१४ सालीं त्यानें हायड्रोजनची जी रेषामालिका जाहीर केली ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. तिची पहिली रेषा १२१६ अँगस्ट्रॉमवर आहे. बोरची अणूची उपपत्ति त्याच्या आदल्याच वर्षीं निघाली होती, आणि ही मालिका तींत नेमकी बसली. असें असूनहि लायमननें शूमानचें ऋण लपविलें नाहीं. लघु तरंगांच्या या प्रदेशाच्या वरच्या भागास शूमान-प्रदेश म्हणण्याची रीत वर्णपटशास्त्रज्ञांत रूढ आहे.

फ्लोराइट १२०० अँगस्ट्रॉमच्या वरच थांबतें. लिथियम फ्लोराइड सुमारें १०४० पर्यंत जातें. त्याखालीं पारदर्शक असा कोणताहि घन पदार्थ खिडकीच्या उपयोगाचा राहत नाहीं, आणि आरसेहि बहुतेक किरण गिळतात. म्हणून या प्रदेशाच्या यंत्रांचा एक नियमच ठरला : प्रकाशाच्या वाटेंत जितक्या कमी वस्तु तितकें बरें. अंतर्वक्र जालक एकटेंच दोन कामें करतें. फट काढली तर आणखी एक अडथळा कमी. विजयदुर्गाची युक्ति येथें पुन्हा कां उपयोगी पडली, याचें बीज या नियमांत आहे.

५

प्रयोगशाळेंतील पेटी निर्वात करतां येते. सूर्य आणि आपण यांमधील वातावरण पंपानें काढतां येत नाहीं. तेव्हां यंत्रानेंच वर जाणें भाग होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे व्ही-२ अग्निबाण अमेरिकेच्या हातीं आले, आणि न्यू मेक्सिकोंतील व्हाइट सँड्स येथून ते उडविले जाऊं लागले. अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेंतील रिचर्ड टाउसी व त्याचे सहकारी यांनीं पहिला वर्णपटलेखक १९४६ च्या जूनच्या २८ व्या तारखेस अग्निबाणाच्या अग्रभागीं बसवून पाठविला. अग्निबाण जमिनीवर आदळून जें विवर पडलें, त्यांत यंत्र नाहींसें झालें. दुसऱ्या वेळीं त्यांनीं यंत्र शेंपटाच्या पंखांत बसविलें. १९४६ च्या ऑक्टोबरच्या १० व्या तारखेस तें उडालें, फिल्म हातीं आली, आणि ओझोनच्या थरावरून सूर्याचा वर्णपट सुमारें २२०० अँगस्ट्रॉमपर्यंत प्रथम दिसला. म्हणजे निर्वात-प्रदेशाचें दार दिसलें; आंत पाऊल पडलें नव्हतें.

१९५२ च्या डिसेंबरांत कोलोरॅडो विद्यापीठाच्या रेन्सप्रभृति मंडळीस सूर्याच्या वर्णपटांत लायमनची १२१६ ची रेषा मिळाली. १९५९ च्या मार्चच्या १३ व्या तारखेस नौदलाच्या गटानें त्याच रेषेच्या प्रकाशांत सूर्यबिंबाचें स्पष्ट छायाचित्र घेतलें. पहिल्यांत रेषा होती पण चित्र नव्हतें. दुसऱ्यांत चित्र होतें पण रेषा एकच होती. दोहोंचा संगम व्हावयाचा राहिला होता.

६

तो संगम पूर्ण रूपानें झाला स्कायलॅब या अवकाशस्थानकावर. तें १९७३ च्या मेच्या १४ व्या तारखेस वर गेलें, आणि तीन तुकड्या तेथें क्रमानें २८, ५९ व ८४ दिवस राहिल्या. त्यावरील सौर यंत्रांपैकीं टाउसीच्या गटाचें एक यंत्र होतें. त्याची खूण एस-०८२-ए. त्यास फट नव्हती. सूर्याचा प्रकाश सरळ एका अंतर्वक्र जालकावर पडे, आणि १७१ पासून ६३० अँगस्ट्रॉमपर्यंतच्या प्रत्येक ठळक रेषेचें एकेक पूर्ण सूर्यबिंब फिल्मवर उमटे. फिल्म जेलेटिन अत्यल्प असलेली, म्हणजे शूमानच्या जातीचीच होती. अंतराळवीर स्थानकाबाहेर येऊन त्या फिल्मच्या पेट्या काढून घेत. शेवटची तुकडी १९७४ च्या फेब्रुवारीच्या ८ व्या तारखेस पृथ्वीवर परतली.

ह्या चित्रांत काय दिसतें? एका पट्टीवर सूर्यांची रांग. आयनीभूत हीलियमच्या ३०४ अँगस्ट्रॉमच्या रेषेचा सूर्य सर्वांत ठळक, त्याच्या कडेवर ज्वाला उसळलेल्या. लोहाच्या २८४ च्या रेषेंतील सूर्य अगदींच निराळा. त्यांत बिंब नाहींच, केवळ सक्रिय भागांवरील तप्त कमानी. एकाच क्षणीं एकाच सूर्याचीं तपमानवार रूपें शेजारीं शेजारीं लागलेलीं. १८९८ सालीं ज्या गोष्टीसाठीं चंद्राची वाट पाहावी लागली, ती येथें ग्रहणावांचून होत होती.

आणि येथेंच फटीवांचूनच्या पद्धतीचा जुना दोषहि उघडा पडला. रेषा जवळजवळ असतील तर सूर्य एकमेकांवर चढतात. हीलियमच्या ३०४ च्या सूर्यावर सिलिकॉनच्या ३०३ च्या रेषेचा सूर्य किंचित् सरकून पडलेला असतो. ज्या चर्मपत्रावरील जुनें लेखन खरवडून त्यावर नवें लिहिलें आहे, तें वाचण्यासारखाच हा प्रकार. कोणती कमान हीलियमची व कोणती सिलिकॉनची हें वाचकानेंच ठरवावयाचें. आणि चुकला तर चूक यंत्राची नव्हे, वाचनाची.

७

या दोषावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय फटीकडे परत जाण्याचा. १९९५ च्या डिसेंबरच्या २ ऱ्या तारखेस निघालेल्या सोहो यानावरील सुमेर हा वर्णपटमापक सुमारें ४६५ ते १६१० अँगस्ट्रॉमचा प्रदेश पाहत असे. त्याची फट सूर्यावरून पायरीपायरीनें सरकविली जाई, आणि पट्टीशेजारीं पट्टी ठेवून चित्र पुरें होई. वाचन निःसंदिग्ध, पण चित्र पुरें होईतों सूर्य थांबत नाहीं. पहिल्या पट्टीचा काल आणि शेवटच्या पट्टीचा काल एक नसतो, हें अशा चित्रांच्या अभ्यासकानें विसरतां कामा नये. ग्रहांकडे पाहणारीं यंत्रेंहि याच कुळांतलीं झालीं. कॅसिनी यानावरील अतिनील चित्रलेखी वर्णपटलेखकानें २००५ च्या जुलैच्या १४ व्या तारखेस मृगांतील एक तारा शनीच्या एन्सेलेडस या चंद्राआड जातांना पाहिला. तारा झांकण्यापूर्वींच त्याचा प्रकाश मंदावला, आणि त्या मंदावण्याच्या नमुन्यावरून तेथें पाण्याची वाफ असल्याचें ठरलें.

दुसरा उपाय आमच्या मतें अधिक सुंदर, आणि त्याचा आपल्या देशाशीं साक्षात् संबंध आहे. २०१५ च्या सप्टेंबरच्या २८ व्या तारखेस भारतानें ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह सोडला. त्यावरील अतिनील दुर्बीण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनें सिद्ध केली; पुण्याच्या आयुका संस्थेचा व कॅनडाच्या अवकाशसंस्थेचा तींत सहभाग होता. तिच्या दूर-अतिनील शाखेंत, म्हणजे सुमारें १३०० ते १८०० अँगस्ट्रॉमच्या निर्वात-प्रदेशांत, फटीवांचून चालणारीं दोन जालकें बसविलीं आहेत. दोन कां? कारण त्यांच्या रंग पसरविण्याच्या दिशा एकमेकींशीं काटकोनांत आहेत. एका जालकाच्या चित्रांत ज्या दोन ताऱ्यांचे वर्णपट एकमेकांवर चढतात, ते दुसऱ्याच्या चित्रांत बहुधा वेगळे पडतात. एका पोथींतील भ्रष्ट पाठ दुसऱ्या स्वतंत्र प्रतीवरून शोधावा, तीच ही पद्धति.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. २०२३ च्या सप्टेंबरच्या २ ऱ्या तारखेस निघालेल्या आदित्य-एल१ यानावरील आयुकाची सौर दुर्बीण २००० ते ४००० अँगस्ट्रॉममध्यें, गाळण्या बदलून, चित्रें घेणारी आहे. ती थोर कृति खरी. परंतु वर्णपट पसरविणाऱ्या या कुळांत तिची गणना करूं नये.

८

आतां आरंभींच्या ओट्यांकडे वळूं. विजयदुर्ग, स्कायलॅब व ॲस्ट्रोसॅट यांचें नातें पितापुत्रांचें आहे असा आमचा दावा नाहीं. स्कायलॅबच्या रचनाकारांनीं लॉकियरच्या प्लेटा पुढें ठेवून काम केलें, असें दाखविणारा कागद आमच्यापुढें नाहीं. नातें तत्त्वाचें आहे. वस्तूलाच फट होऊं द्यावें, आणि प्रत्येक द्रव्यास आपापलें चित्र काढूं द्यावें, हें तें तत्त्व. बेकल व पुदुकोट्टई येथें तें डोळ्यांनीं पाहिलें गेलें, विजयदुर्गीं प्लेटेवर उतरलें. शूमान व लायमन यांनीं त्याची निर्वात-प्रदेशांतील वाट मोकळी केली, स्कायलॅबवर तें त्या प्रदेशांत पोंचलें, आणि ॲस्ट्रोसॅटच्या दोन जालकांनीं त्याचा जुना दोष पुष्कळ अंशीं फेडला.

यास्तव आमची सूचना अशी. विजयदुर्गीं फलक लावावयाचा असेल, तर त्यावर १८६८ चें वर्ष व हीलियमचा शोध घालूं नये. ‘२२ जानेवारी १८९८ रोजीं येथें खग्रास ग्रहणाचीं फटीवांचून वर्णपट-छायाचित्रें घेण्यांत आलीं’ इतकेंच लिहावें. वाक्य लहान आहे आणि खरें आहे. आख्यायिकेनें त्या किल्ल्यास दिलेला मान उसना आहे; तो कधीं ना कधीं परत द्यावा लागेल. ह्या वाक्यानें मिळणारा मान त्याचा स्वतःचा आहे, आणि तो कोणासहि परत मागतां येणार नाहीं.